उंदीर आजारी आहे, पण किती?

व्होल्टेज मोजायचं तर आपण मल्टीमीटर लावतो, रीडिंग घेतो, जर्नलमध्ये उतरवतो, संपलं! पण 'फुप्फुसाला इजा किती झाली' हे मोजायचं असेल तर प्रोब कुठे लावायचा? बायोमेडिकलचा इलेक्टिव्ह घेतल्यावर हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला, आणि वाटला त्यापेक्षा बराच अवघड निघाला.

आधी माणसाचं बघू. न्यूमोनिया, सेप्सिस किंवा मोठा अपघात झाल्यावर काही पेशंटच्या फुप्फुसात अचानक पाणी भरतं. हृदय ठीक असतं, पण वायुकोश आणि केशवाहिन्या यांच्यामधला नाजूक पडदा गळायला लागतो. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा १२ पेशंटचं वर्णन 'लॅन्सेट'मध्ये छापलं. १९९४ मध्ये व्याख्या ठरली. रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबाला श्वासातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचं. निरोगी माणसात उत्तर साडेचारशेच्या आसपास येतं. ते ३०० किंवा कमी आणि एक्स-रेवर दोन्ही बाजूंना डाग, तर 'ॲक्यूट लंग इंज्युरी'. २०० किंवा कमी, तर 'एआरडीएस'. २०१२ च्या बर्लिन व्याख्येने पहिलं नाव पेशंटसाठी काढून टाकलं, पण प्राण्यांवरच्या संशोधनात ते टिकून राहिलं.

आता हेच उंदरावर करून बघा. प्रयोगशाळेतला छोटा उंदीर साधारण २५ ग्रॅमचा, अंगात रक्त जेमतेम २ मिली आणि एक श्वास सुमारे ०.२ मिली! सारखं सारखं रक्त कुठून काढणार? मग प्रत्येक लॅबने आपापली पट्टी घेतली. कोणी पेशी मोजल्या, कोणी फुप्फुसाचं वजन केलं, आणि सगळ्यांनी पेपरात लिहिलं एकच, 'लंग इंज्युरी'. मग तुलना करायची कशी?

शेवटी २०११ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या समितीने चार खुणा ठरवल्या. एक, मायक्रोस्कोपखाली दिसणारी पेशीजालाची मोडतोड. दोन, पडद्याची गळती. तीन, दाह म्हणजे इन्फ्लमेशन. चार, फुप्फुसाचं काम बिघडणं. चारपैकी निदान तीन हजर असतील तरच इजा म्हणा. २०२२ मध्ये हा अहवाल अपडेट झाला, तरी हे चार विभाग कायम राहिले.

एकच खूण का पुरत नाही? सगळ्यात सोपी पद्धत घ्या. फुप्फुसाचं ओलं वजन करायचं, ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वजन करायचं, आणि गुणोत्तर काढायचं. गुणोत्तर वाढलं म्हणजे पाणी वाढलं. पण हृदय कमजोर झाल्यावर नुसत्या दाबाने फुप्फुसात पाणी आलं तरी हे गुणोत्तर वाढतंच! पडदा फाटलाय की नुसताच दाब वाढलाय, हे वजनकाट्याला कळत नाही. त्यासाठी फुप्फुस सलाइनने धुऊन त्या पाण्यातलं प्रोटीन मोजतात. पडदा धड असेल तर प्रोटीनचे मोठे रेणू सहसा पलीकडे जात नाहीत.

मॉडेलचंही तेच. बॅक्टेरियाचं एंडोटॉक्सिन दिलं तर दाह भरपूर होतो, पण गळती बऱ्याचदा बेताचीच. सलाइनने फुप्फुस पुन्हा पुन्हा धुऊन सरफॅक्टंट काढलं तर ऑक्सिजन लगेच घसरतो, पण सुरुवातीला दाह कमी. म्हणजे प्रत्येक मॉडेल रोगाचा एकेक तुकडाच दाखवतं. उंदरात चाललेली कितीतरी औषधं पेशंटमध्ये फेल गेली, त्याचं एक कारण हेही आहे.

मायक्रोस्कोपसाठी तर चक्क फॉर्म्युला आहे. कुठलीही निदान २० दृश्यं निवडायची. प्रत्येकात पाच गोष्टींना ०, १ किंवा २ गुण द्यायचे आणि २०, १४, ७, ७, २ या वजनांनी गुणायचे. वायुकोशातल्या न्यूट्रोफिल पेशींना सगळ्यात जास्त वजन. बेरजेला दृश्यांची संख्या गुणिले १०० ने भागलं की ० ते १ मधला स्कोअर मिळतो. अट एकच, स्लाइड कुठल्या गटातली हे बघणाऱ्याला माहीत नसावं. नाहीतर आपल्या प्रॅक्टिकलसारखं, आधी उत्तर, मग रीडिंग!

एवढा खटाटोप कशासाठी? १९७४ मध्ये वेब आणि टिअर्नी यांनी दाखवलं, की ४५ सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबाने हवा दिल्यावर उंदरांच्या फुप्फुसात पाणी भरतं. सगळ्यांना वाटलं, दोष दाबाचा. १९८८ मध्ये द्रेफ्यूस यांनी काही उंदरांची छाती पट्ट्याने आवळली. दाब तेवढाच, पण फुप्फुस फुगू दिलं नाही, आणि पाणी भरलं नाही! दोष ताणाचा होता. आपल्या भाषेत, प्रेशर नाही, स्ट्रेन. पुढे २००० मध्ये ८६१ पेशंटवर ट्रायल झाली. व्हेंटिलेटरचा श्वास किलोमागे १२ ऐवजी ६ मिली ठेवल्यावर मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं.

म्हणजे १०० पेशंटमागे जवळजवळ ९ जीव वाचले, आणि त्यामागे त्या उंदरांचा वाटा आहे. प्राण्यांवर प्रयोग करावेत की नाही यावर आपण कँटीनमध्ये तासन् तास भांडू शकतो. पण ज्या उंदराचा जीव घेतला त्याचं मोजमापही धड केलं नाही, तर तो जीव फुकटच गेला. एवढ्यावर तरी दोन्ही बाजूंचं एकमत व्हायला हरकत नाही, नाही का?