सालिएरीवरचा आळ

संगीतकार सालिएरीने मोत्झार्टला विष घातलं, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. पुरावा काय, तर मिलोश फोरमनचा ‘अमेडियस’ (१९८४). चित्रपट पुन्हा पाहिला तर कळतं की त्यात विषप्रयोग नाहीच! तिथला सालिएरी मोत्झार्टला धास्तीने आणि कामाने झिजवतो. विषाची अफवा मात्र सालिएरीच्या हयातीतच उठली होती. पुश्किनने १८३० मध्ये तिच्यावर छोटं नाटक लिहिलं, पीटर शॅफरने १९७९ मध्ये मोठं, आणि त्यावरच्या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाल्यावर तर बिचाऱ्याची सुटकाच राहिली नाही.

खरा सालिएरी मोत्झार्टपेक्षा जेमतेम सहा वर्षांनी मोठा. चित्रपटात तो देवाला ब्रह्मचर्याचा शब्द देऊन बसलेला. प्रत्यक्षात आठ मुलांचा बाप. बीथोव्हन, शुबर्ट आणि लिस्ट त्याच्याकडे शिकले. मोत्झार्टचा धाकटा मुलगाही पुढे त्याच्याच हाताखाली तयार झाला. नवऱ्याच्या मारेकऱ्याकडे कुणी पोराची शिकवणी लावेल?

दोघांत चुरस नव्हती असं नाही. व्हिएन्नाच्या दरबारातल्या इटालियन गोटाबद्दल मोत्झार्ट कुरकुरायचा. पण १७८५ मध्ये एक गायिका आजारातून उठली, त्या आनंदात एका गीताला चाल लावणाऱ्यांत हे दोघंही होते. कित्येक वर्षं हरवलेली त्याची प्रत अलीकडे प्रागच्या संग्रहालयात सापडली. आणि १४ ऑक्टोबर १७९१ चं, म्हणजे मृत्यूच्या दोन महिनेही आधीचं नसलेलं, मोत्झार्टचं बायकोला लिहिलेलं पत्र आहे. आपण सालिएरीला गाडीतून ‘मॅजिक फ्लूट’ दाखवायला नेलं आणि तो जागोजागी दाद देत होता, हे त्यात खुशीत सांगितलंय.

चित्रपटातला सगळ्यांत गाजलेला प्रसंग ‘रेक्विएम’ या मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचा. अंथरुणाला खिळलेला मोत्झार्ट रचना तोंडाने सांगतोय आणि सालिएरी रात्रभर उतरवून घेतोय. आधी पुरुषांचे आवाज, मग बासून आणि ट्रोम्बोन, मग ट्रम्पेट-टिम्पनी, त्यात तंतुवाद्यांची धावपळ. एकेक वाद्य चढत संगीत कसं उभं राहतं, हे पडद्यावर याहून सोपं करून क्वचितच कुणी दाखवलं असेल. अडचण एवढीच, की सालिएरी त्या खोलीत नव्हता. ‘रेक्विएम’चं काम घेऊन आलेल्या गूढ निरोप्याशीही त्याचा संबंध नव्हता. ते काम होतं काउंट वाल्सेगचं, दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ. रचना स्वतःच्या नावावर खपवायचा त्याचा बेत होता, म्हणून सगळी गुप्तता. मोत्झार्टकडून अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं त्याच्या शिष्याने, झ्युसमायरने.

दफनाचंही तसंच. पावसात सामुदायिक खड्ड्यात टाकलेला देह पाहून मोत्झार्ट भिकेला लागून मेला असं वाटतं. सम्राट जोसेफच्या नियमांमुळे तेव्हा व्हिएन्नातल्या साध्या मध्यमवर्गीयाचं दफनही साधेपणाने, वर दगड न ठेवता, होत असे. कर्ज होतं, कंगाली नव्हती.

आपल्याकडे थोडंफार असंच तानसेनाच्या वाट्याला आलं. विजय भट्ट यांच्या ‘बैजू बावरा’त (१९५२) तानसेनाच्या पहारेकऱ्यांशी झालेल्या झटापटीत बैजूचे वडील जातात, मुलगा सुडासाठी गाणं शिकतो आणि भर दरबारात तानसेनाला हरवतो. परंपरा मात्र बैजूला ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमरच्या दरबाराशी जोडते. मानसिंह गेला १५१६ च्या सुमारास. तानसेन अकबराकडे आला १५६२ मध्ये. सामना व्हायचा तर बैजूला चांगलंच म्हातारपण गाठावं लागलं असतं. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त दरबारी कलावंतांची यादी दिली आहे. तिच्यात पहिलं नाव तानसेनाचं, बैजूचा पत्ता नाही.

आणि दोघं गातात काय? पडद्यामागे उस्ताद अमीर खाँ आणि द. वि. पलुसकर राग देसीत तानांची आतषबाजी करतात, ती ख्यालाची. तानसेन गायचा ध्रुपद. ख्यालाला दरबारात खरा मान मिळाला तो अठराव्या शतकात, मोहम्मदशाह रंगीलेच्या पदरी असलेल्या सदारंगामुळे. तेव्हा तानसेनाला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती.