भट्टीला वारा किती द्यावा?

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. डोंगरातून खापरी नळांनी आलेल्या पाण्यावर तिथे जाते फिरे आणि दर्ग्यात उतरणाऱ्यांचे दळण होई. आता जाते घरचे असो की पाणचक्कीचे, दाणे वैरण्याचे एक माप असते. फार वैरले की पीठ भरड, कमी वैरले की दगडावर दगड घासतो. मधली जागा हाताला कळते.

साखर कारखान्याच्या बॉयलरचे असेच आहे. पैठण-गंगापूरकडचा ऊस गाळून उरलेले चिपाड, म्हणजे बगॅस, भट्टीत जाळतात. त्यात जवळजवळ निम्मे पाणीच! वारा कमी पडला तर ते अर्धवट जळते नि काळा धूर निघतो. जास्त झाला, तर तो फुकटचा वारा तापून, उष्णता घेऊन धुराड्यातून पसार होतो. दोन्हीकडे नुकसानच. वाचलेल्या बगॅसवर वीज करून विकता येते. सहकारी कारखान्यात तो पैसा सभासदांचाच.

पूर्वी फायरमन ज्वाळेचा रंग पाहून पंखा कमी-जास्त करी. नजर पक्की खरी. पण रात्रपाळीत तीही थकते.

मग यंत्र आले. धुरातला प्राणवायू मोजायचा आणि तो ठरल्या आकड्यावर, समजा 5 टक्क्यांवर, पंख्याने धरून ठेवायचा. हे काम झटपट होते. पण आकडा ठरवला कोणी? पावसात भिजलेल्या बगॅसला तोच आकडा पुरेल असे नाही. शिवाय भट्टीच्या पुढे कुठे फट असली, तर बाहेरचा वारा धुरात शिरतो. यंत्राला वाटते प्राणवायू भरपूर आहे; ते पंखा कमी करते आणि भट्टी गुदमरते!

दुसरी रीत चाचपडण्याची. अमेरिकेत ड्रेपर आणि ली यांनी 1951 साली ती इंजिनावर दाखवली. वारा किंचित वाढवा. तेवढ्याच बगॅसवर वाफ वाढली तर आणखी वाढवा, घटली तर मागे या. धुक्यात टेकडी चढणारा पायानेच चढ ओळखतो, तसे. इथे आकडा आधी ठाऊक असावा लागत नाही. मात्र वाफेचा फरक दिसायला वेळ लागतो. तेवढ्यात बगॅसच बदलला, तर श्रेय भलत्यालाच जाते.

मला विचाराल तर दोन्ही जोडाव्यात: क्षणाक्षणाचे काम प्राणवायूच्या यंत्राने करावे, आणि त्याचा आकडा चाचपडणाऱ्या यंत्राने सावकाश सरकवावा. अर्थात, आधी त्या फटी बुजवून.