फाइल जागेवर, फोटो गायब

पायथॉनमध्ये खिडक्या-बटणं बनवणारं टीकिंटर घेऊन नवीन माणूस काही करायला बसला की हे हमखास घडतं. खिडकी उघडते, चित्राएवढी जागाही सुटते, पण चित्राचा पत्ता नाही. एररही नाही. लगेच संशय जातो पाथवर. पण पाथ चुकला असता तर पायथॉन गप्प बसलं नसतं, फाइल उघडत नाही म्हणून तिथल्या तिथे बोंब मारली असती.

भानगड मेमरीची असते. फंक्शनच्या आत फोटोइमेज तयार करून लेबलला दिली की आपण समजतो, आता ती लेबलने सांभाळली. लेबलकडे असतं फक्त चित्राचं नाव. फंक्शन संपलं की आतलं व्हेरिएबल जातं, त्या ऑब्जेक्टला धरून ठेवणारं कुणी उरत नाही. पायथॉन तो मोडीत काढतं आणि जाता जाता टीकिंटरमागे प्रत्यक्ष चित्र काढणाऱ्या ‘टीके’लाही ते चित्र काढून टाकायला सांगतं. टीके चित्र पुसतं, आकार मात्र तसाच ठेवतं, म्हणून ती रिकामी चौकट. तोच कोड फंक्शनबाहेर लिहिला तर बिनबोभाट चालतो, कारण तिथलं व्हेरिएबल प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकतं. ‘काल तर चालत होतं!’ याचं उत्तर बहुधा हेच. उपाय एका ओळीचा: ‘लेबल.इमेज = फोटो’. ओळ इतकी बिनकामाची दिसते की कोड साफसूफ करणारा कुणीतरी ती उडवतोच. शेजारी कॉमेंट लिहून ठेवलेली बरी.

दुसरी समजूत म्हणजे जेपीजीचं नाव बदलून पीएनजी केलं की काम झालं. टीके नावाला भुलत नाही, फाइलचे सुरुवातीचे बाइट पाहतं. पीएनजीच्या दुसऱ्या ते चौथ्या बाइटमध्ये ‘पीएनजी’ हीच इंग्रजी अक्षरं असतात; जेपीजीची सुरुवात वेगळीच. २०१२मध्ये आलेलं टीके ८.६ स्वतःहून पीएनजी, जीआयएफ आणि पीपीएम वाचतं. जेपीजीसाठी पिलो ही लायब्ररी घ्यावी लागते.

‘फोटो तर चारच एमबीचा आहे, प्रोग्रॅम का रखडतो?’ चार एमबी ही डिस्कवरची, दाबून बसवलेली फाइल. पडद्यावर आणायची तर प्रत्येक पिक्सेल सुटा करावा लागतो. ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, दर पिक्सेलला चार बाइट धरले तर एकट्या फोटोला सुमारे ४८ एमबी. असे पन्नास फोटो जाळीत मांडले की हिशेब अडीच जीबीच्या घरात जातो. लेबल लहान केल्याने यातलं काहीच वाचत नाही. फोटो तेवढाच राहतो, फक्त कडा कापल्या जातात. फोटोच लहान करणारं पिलोचं ‘थंबनेल’ आधी चालवावं. जेपीजी असेल तर ते फाइल उलगडतानाच कमी आकारात उलगडू शकतं, त्यामुळे वेळही वाचतो.

डीपीआय, म्हणजे दर इंचाला ठिपके, वाढवल्याने पडद्यावर फोटो सुस्पष्ट होतो, हा छापखान्यातून आलेला समज. टीकिंटर पिक्सेल मोजतं, फाइलमधला तो आकडा पाहत नाही.

आणि मोबाइलचा उभा फोटो आडवा पडला तर फाइल बिघडलेली नसते. फोन अनेकदा पिक्सेल आडवेच साठवतो आणि ‘फिरवून दाखवा’ एवढी नोंद फोटोसोबतच्या एक्झिफ माहितीत करतो. गॅलरी ती नोंद वाचते. आपल्या प्रोग्रॅमला ती वाचायला सांगावं लागतं. पिलोमध्ये त्यासाठी ‘एक्झिफ ट्रान्सपोज’ आहे, आणि ते थंबनेलनंतर चालवलं तर फिरवायला पिक्सेलही थोडेच उरतात.