दोन विमानांमधील आठ तास

प्रवासांतला जो वेळ कोणाच्याच हिशेबांत धरलेला नसतो, तो बहुधा फुकट जातो. आगगाडीच्या जमान्यांत जंक्शनवर गाडी बदलावयाची असली, म्हणजे वळकटीवर बसून जांभया देणारे उतारू दिसत. आज तेंच दृश्य विमानतळावरील मऊ खुर्च्यांवर दिसतें. मुलगा किंवा मुलगी मेलबोर्नला अगर सिडनीला स्थायिक झालेली, म्हणून नातवंडांना भेटावयास निघालेलें एखादें वृद्ध जोडपें सिंगापूरला विमान बदलतें. पुढील विमानास आठ तासांचा अवकाश असतो. हे आठ तास खुर्चीवर काढावे, कीं शहर पाहून यावें? प्रश्न दिसतो तितका हलका नाहीं. धाडस अनाठायीं झालें तर पुढचें विमान हुकावयाचें. आणि भीति अनाठायीं ठरली तर त्या बेटावरून दहादां जाऊनही तें एकदांही न पाहिल्याची चुटपुट लागावयाची.

याचें उत्तर प्रथम वजाबाकीनें काढावें. तिकिटावर दिसणारे आठ तास सर्वस्वीं प्रवाशाचे नव्हेत. विमान टेकल्यापासून पासपोर्टची तपासणी उरकून बाहेर पडेपर्यंत एक तास धरावा. मेट्रोनें शहरांत जाण्यास सुमारें पाऊण तास, व परत येण्यास तितकाच. पुढील विमान सुटण्यापूर्वीं दोन तास विमानतळावर हजर असावें. उरले साडेतीन तास. त्यांतला अर्धा तास पावसासाठीं, चुकलेल्या वाटेसाठीं व थकलेल्या पायांसाठीं राखून ठेवला, म्हणजे हातीं तीन तास राहतात. हीच रीत पांच तासांच्या अवकाशास लावली तर बाकी शून्य येते. तेव्हां अशा प्रवाशानें बाहेर पडण्याचा मोह आवरावा, हेंच शहाणपण. सिंगापूरचें घड्याळ भारताच्या अडीच तास पुढें असतें. तें आधीं लावून न घेतल्यास सारा हिशेबच फसतो.

दुसरा विचार परवानगीचा. भारतीय पासपोर्टावर सिंगापुरांत शिरण्यास व्हिसा लागतो. परंतु एक सवलत पुष्कळांस ठाऊक नसते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांपैकीं एखाद्या देशाचा चालू व्हिसा जवळ असून, 96 तासांच्या आंत पुढें जाण्याचें निश्चित तिकीट असेल, तर वाटेवरच्या भारतीय प्रवाशास निराळ्या व्हिसावांचून शहरांत जातां येतें. अंतिम अधिकार अर्थात् तपासणी-अधिकाऱ्याचा. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टावर चिकटविलेला नसतो. म्हणून त्याची छापील प्रत जवळ बाळगावी. आगमनाचें पत्रक आगमनापूर्वींच्या तीन दिवसांत इंटरनेटवरून विनामूल्य भरतां येतें. असे नियम बदलत असतात; ते निघण्यापूर्वीं सरकारी संकेतस्थळावर पडताळून पाहणें इष्ट. सामान मुंबईहून थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत नोंदलेलें असावें, नाहींतर पेट्या सांभाळण्यांतच वेळ सरतो. गुटखा, खैनी, जर्दा अशा तोंडांत धरावयाच्या तंबाखूस सिंगापुरांत बंदी आहे, हेंही पुडी खिशांत टाकण्यापूर्वीं आठवावें.

ज्यांस बाहेर पडतां येत नाहीं, त्यांचा काळ अगदींच कंटाळवाणा जातो असें नाहीं. चांगी विमानतळ 1981 सालीं सुरू झाला, आणि त्याची बरीचशी भूमि समुद्र हटवून मिळविलेली आहे. तिसऱ्या टर्मिनलमध्यें फुलपाखरांचा बगीचा आहे, व तो पासपोर्ट-तपासणीच्या आंतल्या बाजूस असल्यामुळें कोणासही पाहतां येतो. उलट, 2019 सालीं उघडलेल्या ‘ज्युएल’ या इमारतींतील 40 मीटर उंचीचा सुप्रसिद्ध धबधबा तपासणीच्या बाहेर आहे. तो पाहण्यासही प्रवेशाची परवानगी हवी. ज्यांस परवानगी आहे पण एकट्यानें हिंडण्याचें धैर्य नाहीं, त्यांच्यासाठीं विमानतळातर्फें अडीच तासांची विनामूल्य सहल निघते. तीस किमान साडेपांच तासांचा अवकाश लागतो.

आतां तीन तासांचें काय करावें? येथें बहुतेकांची चूक होते ती लोभामुळें. बाजार, बगीचे, देवळें आणि उंच इमारती हें सर्व तीन तासांत उरकूं म्हणणारा मनुष्य वस्तुतः गाड्यांचे डबेच पाहून येतो. एक स्टेशन ठरवावें व त्याच्याभोंवतीं जेवढें पायीं होईल तेवढेंच पाहावें. विमानतळाच्या मेट्रोनें तानाह मेराह येथें गाडी बदलून सिटी हॉल स्टेशनवर उतरलें, म्हणजे अवघ्या अर्ध्या मैलाच्या टापूंत भारतीय प्रवाशास परकी न वाटणारा इतिहास सांपडतो.

स्टेशनाला लागूनच सेंट अँड्र्यूजचें शुभ्र चर्च आहे. 1862 सालीं त्याचा अर्पणविधि झाला. तें बांधलें हिंदुस्थानांतून जन्मठेपेवर धाडलेल्या कैद्यांनीं. काळें पाणी म्हटलें कीं आज अंदमान आठवतें. परंतु तेथील वसाहत 1858 ची, आणि सिंगापुरास हिंदी कैदी 1825 पासूनच येऊं लागले होते. चुना, अंड्यांतील पांढरा बलक, साखर आणि नारळाचें सोडण भिजविलेलें पाणी यांचा गिलावा त्यांनीं भिंतींवर चढविला. ज्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत, त्यांच्या हातचें काम तेथें आजही उभें आहे.

रस्ता ओलांडला कीं पाडांग नांवाचें विस्तीर्ण हिरवें मैदान लागतें. 4 जुलै 1943 रोजीं याच शहरांतील कॅथे इमारतींत रासबिहारी बोस यांनीं चळवळीचीं सूत्रें सुभाषचंद्र बोस यांच्या हातीं दिलीं, आणि दुसऱ्या दिवशीं या मैदानावर नेताजींनीं आझाद हिंद सेनेची पाहणी केली. मैदानासमोरच्या नगरभवनांत 12 सप्टेंबर 1945 रोजीं जपानी सेनापतींनीं शरणागतीवर सह्या केल्या. त्या इमारतींत व शेजारच्या जुन्या न्यायालयांत 2015 पासून राष्ट्रीय कलादालन आहे.

मैदानापलीकडे समुद्राच्या बाजूस एस्प्लनेड उद्यान आहे. आझाद हिंद सेनेच्या अज्ञात सैनिकांच्या स्मारकाची कोनशिला नेताजींनीं 8 जुलै 1945 रोजीं येथेंच बसविली; एकता, विश्वास व बलिदान या अर्थाचे तीन शब्द त्यावर कोरलेले होते. त्याच वर्षीं परत आलेल्या ब्रिटिश फौजेनें तें स्मारक पाडून टाकलें. 1995 सालीं सिंगापूर सरकारनें त्या जागीं खुणेचा स्तंभ उभारला. जवळच पहिल्या महायुद्धांत पडलेल्यांचें, 1922 सालीं उघडलेलें स्मारक अखंड उभें आहे. एक स्मारक राहिलें व दुसरें पडलें, याचा विचार त्या दोहोंमधल्या चार पावलांत आपोआप मनांत येतो. त्यासाठीं वाटाड्या लागत नाहीं.

ही सारी फेरी सावकाश चालूनही दोन तासांत होते. उरलेल्या तासांत खाणें व विसांवा. वृद्धांनीं उन्हाची धास्ती बाळगावी, कारण हें बेट विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे. छत्री ऊन व पाऊस दोहोंनाही उपयोगी पडते. बारा महिने सूर्य सकाळीं सातच्या सुमारास उगवतो व सायंकाळीं सातच्या सुमारास मावळतो. मध्यरात्रीनंतर मेट्रो बंद असते. म्हणून अवकाश रात्रीचा असेल तर विमानतळावर झोप घेणेंच बरें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, परतीच्या गाडीची वेळ शहरांत पाऊल टाकण्यापूर्वीं ठरवून कागदावर लिहून ठेवावी, आणि ती वेळ झाली कीं कितीही सुंदर दृश्य समोर असलें तरी पाठ फिरवावी.

सिंगापूरची ही रीत कोणत्याही शहरास लागू पडते. आधीं तासांची वजाबाकी, मग परवानगीची खात्री, आणि शेवटीं एकाच वाटेची निवड. या क्रमानें जाणारा प्रवासी थोडें पाहतो. पण जें पाहतो तें त्याच्याजवळ राहतें, आणि पुढचें विमानही त्याला मिळतें.