गोळी देण्याआधीचा प्रश्न

संध्याकाळी बर्डीच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते. औषधाच्या दुकानातही तीच गर्दी. ‘भाऊ, लवकर द्या ना!’ असा तगादा चालू असतो. अशा वेळी, समजा, एक वयस्कर बाई आमवाताच्या औषधाची चिठ्ठी पुढे करतात. चिठ्ठीत लिहिलेले असते: मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा.

फार्मासिस्टबंधूंनो, तुमची खरी परीक्षा इथे आहे. गोळी बरोबर दिली म्हणजे काम संपले, असे नव्हे. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची सवय असलेली बाई हीही रोजच घेऊ लागली, तर ती जिवावर बेतू शकते. हे औषध शरीरात फॉलिक आम्लाचे काम अडवते. त्यामुळे ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना पहिला तडाखा बसतो. तोंड सोलवटते, हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होणे मंदावते.

मग करायचे काय? डॉक्टरांनी ठरविलेला वार पाकिटावर ठळक लिहा. ‘कळले ना?’ असे विचारू नका. माणूस संकोचाने मान डोलावतो. ‘मावशी, ही कोणत्या वारी घ्याल, मला सांगा बरं,’ असे विचारा. उत्तर चुकले तर पुन्हा समजावा. आणखी कोणती औषधे चालू आहेत, तेही विचारा. लघवीच्या जंतुदोषासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी को-ट्रायमोक्झॅझोल दिले असेल, तर ही जोडी घातक आहे. आपल्या मनाने बदल करू नका. डॉक्टरांना तिथूनच फोन लावा. तोंडात फोड, ताप किंवा धाप लागली तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा, हेही सांगून ठेवा.

पूर्वी कंपाउंडर मिश्रण कालवून बाटलीला मात्रेच्या खाचांची कागदी पट्टी चिकटवी. आता गोळ्या कारखान्यातून बांधून येतात. हात मोकळे झाले. पण जबाबदारी डोक्यावर आली. नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच चिठ्ठीवरचे औषध द्यावे, असे 1948 च्या फार्मसी कायद्याने ठरविले, ते भिंतीवर प्रमाणपत्र टांगण्यासाठी नव्हे.

या ज्ञानावर पुढची वाटही उघडते. पदविका झालेल्यांना बी. फार्म. च्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. 2008 साली आपल्या देशात फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आला; बी. फार्म. झालेल्यांसाठी तो तीन वर्षांचा आहे. त्यात रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून औषधे पारखायला शिकवितात. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणे, हेही आज एक स्वतंत्र कार्यक्षेत्र झाले आहे. त्याचा श्रीगणेशा तुम्हांला गल्ल्याशेजारीच करता येईल: संशयित दुष्परिणाम 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर कळवा.

गिऱ्हाईक घाईत असते. आपण घाई करू नये. त्या एका प्रश्नाला अर्धा मिनिटही लागत नाही.