तपासून पाहणें आणि सिद्ध करणें

वरच्या इयत्तांतील मुलांना संख्याशास्त्रांतील उदाहरणें घरीं सोडवावयास दिलीं म्हणजे पालकांची एक तक्रार हटकून येते : मुलाचें गणित बरोबर असतां गुण कां कापले? ही तक्रार वरवर पाहतां रास्त वाटते. म्हणून तिचा येथें थोडा विचार करूं.

नेहमींचेंच एक उदाहरण घ्या. लागोपाठच्या कोणत्याही तीन संख्यांच्या गुणाकारास ६ नें निःशेष भाग जातो, हें सिद्ध करा. बहुतेक वह्यांत असें उत्तर आढळतें : १, २, ३ यांचा गुणाकार ६, २, ३, ४ यांचा २४, १०, ११, १२ यांचा १३२०, सर्वांस ६ नें भाग जातो, म्हणून सिद्ध झालें. यांत एकही आंकडा चुकलेला नाहीं. परंतु तीन ठिकाणीं खरें ठरलें तें सर्वत्र खरें ठरेल, यास आधार काय?

फर्मा हा सतराव्या शतकांतील फ्रेंच गणितज्ञ. २ चा वर्ग करावा, त्या वर्गाचा पुन्हां वर्ग करावा, असें करीत जाऊन प्रत्येक वेळीं १ मिळवावा, म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५५३७ या संख्या येतात. या पांचही मूळ संख्या आहेत. पुढील सर्वही तशाच असणार, असें फर्माचें मत होतें. परंतु सहावी संख्या ४२९४९६७२९७ हिला ६४१ नें निःशेष भाग जातो, हें ऑयलरनें १७३२ सालीं दाखवून दिलें. फर्मासारख्या पुरुषाचा जेथें अंदाज चुकला, तेथें आमच्या विद्यार्थ्यांनीं तीन उदाहरणांवर विसंबून राहावें काय?

ऑयलरच्याच नांवाशीं जोडलेली दुसरी एक गंमत पाहा. कोणतीही संख्या घ्या, तिला तिच्या पुढच्या संख्येनें गुणा व ४१ मिळवा. १ घेतल्यास ४३, २ घेतल्यास ४७, ३ घेतल्यास ५३. आणि असें करीत ३९ पर्यंत गेलें तरी प्रत्येक वेळीं मूळ संख्याच येते. ४० घेतांच मात्र १६८१ येतात, आणि तो ४१ चा वर्ग आहे. एकोणचाळीस साक्षीदार एकमुखानें बोलले व चाळिसावा फिरला! प्रत्यक्ष पाहिल्यावांचून विश्वास न ठेवणारा थोमा गणिताच्या वर्गांत बरा विद्यार्थी ठरला असता, असें मला पुष्कळदां वाटतें. मात्र तेथें नुसतें पाहूनही भागत नाहीं.

मग संख्या अगणित असतां सर्वांविषयीं बोलावें कसें? येथें बाकी उपयोगी पडते. कोणत्याही संख्येस ३ नें भागिलें असतां बाकी ०, १ किंवा २ यांपैकींच एक राहते. चौथा प्रकार नाहीं. पहिल्या संख्येची बाकी ० असल्यास तिलाच ३ नें भाग जातो. बाकी १ असल्यास तिसरीला, व २ असल्यास दुसरीला. याप्रमाणें अगणित संख्यांचा प्रश्न तीन ओळींत आटोपला. तसेंच लागोपाठच्या दोन संख्यांत एक सम असतेच. म्हणून गुणाकारास २ नें व ३ नें भाग जातो. आणि २ व ३ यांस समाईक भाजक नसल्यामुळें ६ नेंही जातो.

हें शेवटचें वाक्य मुलें गाळतात, आणि गुण बहुधा तेथेंच जातात. १२ ला ४ नें भाग जातो, ६ नेंही जातो. पण त्या दोहोंच्या गुणाकारानें, म्हणजे २४ नें, जात नाहीं. कारण ४ व ६ यांत २ हा भाजक समाईक आहे.

बाकीची हीच युक्ति अन्यत्रही चालते. सम संख्येच्या वर्गास ४ नें भागिल्यास बाकी ० राहते, विषमाच्या वर्गास भागिल्यास १. तेव्हां दोन वर्गांच्या बेरजेंत बाकी ०, १ किंवा २ येईल, ३ कधींही येणार नाहीं. १९४७ ला ४ नें भागिल्यास बाकी ३ उरते. म्हणून १९४७ ही दोन वर्गांची बेरीज नव्हे, हें एकही वर्ग न मांडतां कळतें. गाउसनें १८०१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाचा आरंभ या बाकीच्या विचारानेंच केला आहे.

ज्या पालकांस बीजगणित येत नाहीं, त्यांनींही मुलाची वही अवश्य पाहावी. "हें कोणत्याही संख्येस कां लागू पडेल?" एवढेंच विचारावें, व उत्तर मुलालाच देऊं द्यावें. आणि मुलांनीं लागोपाठच्या चार संख्यांच्या गुणाकारास २४ नें निःशेष भाग जातो हें सुटींत सिद्ध करून आणावें. ४ व ६ यांच्या जोडीवर मात्र येथें भागणार नाहीं.