आडव्या धनुष्याचे बाण व त्यांचीं टोंकें

रानडुकरांच्या उपद्रवाविषयीं लिहितांना आमच्या संघाच्या कांहीं सभासदांनीं एक प्रश्न विचारला आहे. तो असा कीं, अमेरिकेंत शेतकरी क्रॉसबो नांवाच्या आडव्या धनुष्यानें हरणें मारतात असें ऐकतों. त्याचे बाण कसे निवडतात, व तें हत्यार आपल्या उपयोगीं पडेल काय? प्रश्नाच्या शेवटच्या भागाचें उत्तर प्रथम देणें बरें, म्हणजे पुढील मजकूर कोणी भलत्या हेतूनें वाचणार नाहीं.

आपल्या देशांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. त्यांत शिकार या शब्दाचा अर्थ फार व्यापक आहे. मारणें, पकडणें, विष घालणें, फांस लावणें व यांपैकीं कशाचाही प्रयत्न करणें, हें सर्व त्यांत येतें. आणि हत्यारांच्या व्याख्येंत धनुष्यबाण स्पष्ट शब्दांनीं घातले आहेत. २०२२ सालीं झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. तींतील दुसऱ्या अनुसूचींत रानडुक्कर व नीलगाय हीं दोन्ही जनावरें आहेत. उभ्या पिकाची नासाडी करणारें असें जनावर मारण्याचा लेखी हुकूम कलम ११ अन्वयें मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी यांनींच द्यावयाचा असतो. सबब, बाजारांत धनुष्य विकत मिळतें एवढ्यावरून त्याचा शेतांत उपयोग करण्याची मुभा मिळाली, असें कोणीही समजूं नये.

आतां मूळ विषयाकडे वळूं. उदाहरणासाठीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थान घेतों. तेथें दुभत्या गाई, मका व सोयाबीन यांवर शेतकऱ्याचा संसार चालतो, व पांढऱ्या शेपटीचीं हरणें त्या पिकांवर पडतात. शिकार परवान्यानेंच व ठरलेल्या हंगामांतच करावी लागते. २०१४ सालापासून तेथें आडव्या धनुष्यासाठीं स्वतंत्र हंगाम ठरला आहे. बाण १४ इंचांहून आंखूड नसावा, त्याचें टोंक निदान सात-अष्टमांश इंच रुंद व चांगलें धार लाविलेलें असावें, असे नियम आहेत. हे नियम कां केले, तें पुढील विवेचनावरून कळेल.

बाण मारतो कसा

बंदुकीची गोळी मोठ्या वेगानें शिरते व तिच्या धक्क्यानेंही आंतील भाग फाटतात. बाणाचा तसा धक्का नसतो. बाणाचीं पातीं रक्तवाहिन्या कापतात, व रक्तस्रावानें जनावर मरतें. बाण छातींतून, दोन्ही फुप्फुसें छेदून गेला, तर हरिण बहुधा थोड्याच अंतरावर पडतें. तोच पोटांत लागला, तर तें कित्येक तास तळमळत राहतें व दूर जाऊन मरतें. पुष्कळदां सांपडतही नाहीं. म्हणून बाणाची निवड ही हौसेची बाब नसून मुक्या प्राण्याच्या यातनेची बाब आहे.

दांडा : लांबी व वजन

आडव्या धनुष्याचा बाण सामान्यतः १६ ते २२ इंच लांब असतो; २० इंची बाण विशेष प्रचारांत आहे. दांडा कार्बनचा किंवा अल्युमिनियमचा असतो. अल्युमिनियमचा दांडा वांकला म्हणजे वांकडाच राहतो. कार्बनचा दांडा वांकडा राहत नाहीं, पण त्यास बारीक चीर पडते व ती सहज दिसत नाहीं. यासाठीं प्रत्येक वेळीं तो हातांत धरून किंचित् लववून व कान देऊन पाहावा लागतो. चिरलेला दांडा सोडतांना फुटला तर सोडणाराच जखमी होतो.

वजन ग्रेन या मापांत सांगतात. आपल्याकडील जुना तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता. त्या हिशेबानें ४५० ग्रेनांचा बाण म्हणजे अडीच तोळे, अथवा सुमारें २९ ग्रॅम. टोंकासह ४०० ते ४५० ग्रेन वजन हरणास पुरेसें समजतात. हलका बाण वेगानें जातो खरा, पण त्याचा वेग वाटेंतच लवकर कमी होतो व हाडाशीं गांठ पडली कीं तो अडतो. जड बाण थोडा मंद जातो, परंतु खोल शिरतो, आणि धनुष्याचा आवाजही कमी होतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. प्रत्येक धनुष्यासाठीं कारखानदार बाणाचें कमींत कमी वजन ठरवून देतो. त्याहून हलका बाण लाविल्यास धनुष्याची ताकद बाणांत न जातां धनुष्यावरच उलटते व त्याचे बाहू मोडतात.

शेपटाकडील खोबण

बाणाच्या मागील टोंकास नॉक म्हणतात. तो कांहीं बाणांत सपाट असतो, कांहींत अर्धचंद्राकृति, तर कांहींत दोरी धरून ठेवणारा असतो. कारखानदारानें जो सांगितला असेल तोच वापरावा. भलता नॉक असला तर दोरी त्याच्यावरून किंवा खालून निसटते, व रिकामें धनुष्य सोडल्यासारखें होऊन अपघात होतो. अर्धचंद्राकृति नॉकाच्या बाणास तीन पिसें असल्यास वेगळ्या रंगाचें पीस धनुष्याच्या घळींत खालीं बसवितात.

तोल

बाण सरळ जाण्यास त्याचा पुढील भाग जड असावा लागतो. हें मोजण्याची रीत सोपी आहे. टोंक बसविलेला बाण बोटावर आडवा ठेवून तोलबिंदु काढावा. नॉकापासून तोलबिंदूपर्यंतच्या अंतरांतून बाणाची निम्मी लांबी वजा करावी, बाकीस पूर्ण लांबीनें भागावें व शंभरानें गुणावें. समजा, बाण २० इंच असून तोलबिंदु १२॥ इंचांवर आला. बाकी २॥ इंच. म्हणजे शेंकडा १२॥. शेंकडा १० ते १५ हें प्रमाण साधारणतः योग्य समजतात.

टोंक

रुंद पात्यांच्या टोंकास ब्रॉडहेड म्हणतात. तें बहुधा १०० किंवा १२५ ग्रेनांचें असतें. त्याचे मुख्य प्रकार दोन.

(१) स्थिर पात्यांचें. यांत हलणारा भाग नसल्यामुळें ऐन वेळीं बिघडण्याचें भय नाहीं, व हाडावरही तें टिकतें. परंतु त्याचीं पातीं वाऱ्यांत पंखासारखीं वागून बाणास भलतीकडे नेतात. म्हणून बाण सरळ व टोंक अगदीं मध्यावर बसलेलें असावें लागतें.

(२) उघडणाऱ्या पात्यांचें. हें मिटलेलें असल्यानें सरळ जातें व लागल्यावर उघडून रुंद जखम करतें. पण पातीं उघडण्यांत कांहीं जोर खर्च होतो, आणि तीं न उघडल्यास घाव फुकट जातो. धनुष्याच्या धक्क्यानें तीं आधींच उघडूं नयेत, यासाठीं आडव्या धनुष्याकरितां मुद्दाम केलेलें टोंकच घ्यावें.

प्रकार कोणताही असो, धार वस्तऱ्यासारखी पाहिजे. बोथट पातें रक्तवाहिनी कापण्याऐवजीं तिला बाजूस सारतें. सरावांत वापरलेलीं पातीं बदलल्याखेरीज वा पुन्हा धार लाविल्याखेरीज शिकारीस नेऊं नयेत. तसेंच सरावाच्या साध्या टोंकाचा बाण जेथें लागतो तेथेंच ब्रॉडहेडचाही लागतो काय, हें आधीं पाहून घ्यावें.

अंतर

बाणाचा वेग सेकंदास ३५० फूट धरला, तरी आवाज सुमारें १,१०० फूट जातो. ४० यार्डांवर, म्हणजे १२० फुटांवर, दोरीचा आवाज हरणास सेकंदाच्या नवव्या हिश्शांत पोंचतो. बाण पोंचण्यास तिसरा हिस्सा लागतो. मधल्या वेळांत हरिण उडी घेण्यासाठीं अंग खालीं दाबतें व बाण वर लागतो. याकरितां शहाणा शिकारी जवळूनच व जनावर आडवें उभें असतांनाच बाण सोडतो, आणि नंतर निदान अर्धा तास थांबून माग काढतो.

आमच्या बांधवांनीं विस्कॉन्सिनपासून घेण्याजोगी गोष्ट मात्र निराळी आहे. तेथें शिकारीच्या परवान्यांवर जो जादा आकार घेतात, त्यांतून पीकनुकसानीची भरपाई देण्याची योजना आहे. तिचा लाभ घेणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या रानांत इतरांस शिकार करूं द्यावी लागते. आपल्याकडेही वन्यप्राण्यांनीं केलेल्या नुकसानीची भरपाई शासन देतें, पण ती पंचनाम्यावर अवलंबून आहे. महसूल खात्यांत कारकुनी करितांना आम्हीं कित्येक प्रकरणें पाहिलीं, कीं ज्यांत नुकसान खरें होतें पण अर्ज उशिरां आला, किंवा पंच येण्यापूर्वींच शेत साफ झालें होतें. तरी डुकरें शिरलेलीं दिसतांच वनखात्याच्या जवळच्या कचेरींत लेखी वर्दी द्यावी, पोंच घ्यावी, सात-बाराचा उतारा जोडावा, व पंचनामा होईपर्यंत शेत आहे तसेंच ठेवावें. बाणांची माहिती ज्ञानासाठीं असूं द्यावी. पिकाचें रक्षण कुंपण, राखण व वेळेवर दिलेला अर्ज यांनींच करावें, अशी सर्व सभासदांस आमची विनंति आहे.